रोजच्या बघण्यातली मांडणी, हालचाल आणि रंग: सारखे सारखे येणारे प्रश्न

रस्त्यात, घरात, बसच्या खिडकीतून बघताना रंग, लय, तोल, हालचाल वगैरे कसं ओळखायचं यावर लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते सगळे इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अवघड नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मधेमधे प्रश्नांचे नंबर दिलेत, तिकडे जाऊन वाचा.

१. कॉम्पोझिशन म्हणजे नेमकं काय हो? मी चित्रं काढत नाही, फोटोपण मोबाईलवरच काढते, मग मला याचं काय काम?

कॉम्पोझिशन म्हणजे मांडणी. समोर जे काही आहे त्यातलं काय कुठे आहे, केवढं आहे, किती गडद आहे, कशाच्या शेजारी आहे, आणि या सगळ्यामुळे आपली नजर कुठे जाते, कुठे थांबते, कुठून बाहेर पडते. चित्रकार ही मांडणी स्वतः करतो, आपल्याला ती आयती मिळते, पण पूर्ण आयती नाही कारण कुठे उभं राहायचं आणि कुठून बघायचं हे तरी आपल्याच हातात असतं ना. दोन पावलं बाजूला सरका, खांबाच्या मागे लपलेलं झाड बाहेर येतं आणि सगळं दृश्य बदलतं.

आणि काम काय म्हणाल तर ही तत्त्वं काही कुणी बसून केलेले कायदे नाहीत, माणसाचे डोळे आणि मेंदू कसे चालतात ते बघून बघून लोकांनी करून ठेवलेल्या नोंदी आहेत, त्यामुळे ज्याला डोळे आहेत त्याला त्या लागू आहेतच, हातात ब्रश असो नसो. खोली लावताना, ऑफिसात स्लाईड बनवताना, एखाद्या पाटीवरचं आपल्याला पटकन का वाचता आलं नाही हे कळताना, सगळीकडे उपयोग होतो. पण माझ्यासाठी खरं कारण वेगळंच आहे, बघायला मजा येते, रोजच्याच रस्त्यावर येते.

२. सुरुवात कुठून करू? सगळंच एकदम बघायला गेलं की काहीच दिसत नाही.

स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: माझी नजर आधी कुठे गेली? आणि मग, का गेली? या पानावरचं बाकी सगळं या दोन प्रश्नांवर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

आपल्याला वाटतं की समोरचं सगळं एकाच वेळी स्वच्छ दिसतंय, पण तसं नसतं. हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, साधारण तेवढ्याच भागातलं डोळ्याला खऱ्या अर्थाने बारीक दिसतं, बाकी सगळं कमीजास्त अंधुक. म्हणून नजर सेकंदाला तीनएक वेळा इकडून तिकडे उड्या मारत असते आणि मेंदू ते तुकडे जोडून आपल्याला अख्खं दृश्य दिल्यासारखं करतो. मांडणी म्हणजे या उड्या कुठे पडणार ते ठरवणारी गोष्ट.

सराव अगदी साधा आहे. डोळे मिटा, मान कुठेतरी वळवा, उघडा आणि पहिली कशावर नजर पडली ते पकडा, त्या वस्तूचं नाव मनात यायच्या आधी पकडता आलं तर उत्तमच. कारण बहुतेक वेळा ठरलेल्यांपैकीच निघतं: तिथे उजेड-अंधाराचा मोठा फरक असतो, किंवा बाकीच्यांपेक्षा वेगळा रंग असतो, चेहरा असतो, अक्षरं असतात, काहीतरी हलत असतं, नाहीतर एखादी गोष्ट एकटीच बाजूला पडलेली असते. सुरुवातीला दिवसातून एकदा केलं तरी पुष्कळ.

३. स्थिर वस्तूत "हालचाल" असते असं म्हणतात. जी गोष्ट हलतच नाही तिच्यात हालचाल कुठून आली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. हालचाल वस्तूची नसते, तुमच्या नजरेची असते.

एखाद्या जिन्याच्या खाली उभे राहा आणि वर बघा. कठड्याची तिरकी रेघ खालून सुरू होते आणि वरच्या कोपऱ्यात निघून जाते, नजर तिला धरूनच चढते. कठड्याचे जवळचे गज लांब लांब अंतरावर दिसतात आणि वर जातील तसे एकमेकांना खेटत जातात, म्हणजे नजरेचा वेगपण वाढत गेल्यासारखा वाटतो. वरच्या खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा पायऱ्यांवर पडलाय, पण सरळ नाही, प्रत्येक पायरीला मोडून खाली उतरतोय, म्हणजे कठडा नजरेला वर नेतोय आणि उजेड तिला खाली आणतोय. आता कुणीतरी मधल्याच एका पायरीवर पिशवी ठेवून दिली असेल तर बघा, नजर दर वेळी तिथे अडखळते. यातलं काहीही हललेलं नाही आणि तरी तुम्ही दोनदा वर-खाली फिरून आलात.

तिरक्या रेघेत हा जोर का असतो तर आडवी गोष्ट आपल्यासाठी पहुडलेली असते, उभी गोष्ट उभी असते, पण तिरकी गोष्ट एकतर पडत असते किंवा उठत असते, आपण जन्मापासून हेच बघत आलोय. तिरक्या रेघेशिवाय आपली नजर हलवणारं दुसरं मोठं कारण म्हणजे समोरच्या माणसांची नजर, चार जण वर बघत उभे असतील तर तुम्हीपण वर बघणारच. तिसरं म्हणजे एकसारख्या गोष्टी हळूहळू लहान होत जाणं, दिव्यांचे खांब, रेल्वेचे रूळ, खुर्च्यांची रांग. वळणदार पायवाट नजरेला सावकाश नेते, सरळ रस्ता एकदम टोकाला नेऊन सोडतो.

४. लय आणि पॅटर्न, दोन्ही एकच ना?

जवळचे आहेत पण एक नाहीत. फरशीचे एकसारखे चौकोन हा पॅटर्न, एकदा कळला की नजर पुढे बघत नाही. त्याच फरशीवर खिडकीच्या गजांची सावली तिरकी पडली आणि ती कुठे दाट कुठे विरळ झाली की लय आली. लयीत पुढे काय येणार याचा अंदाज असतो आणि तो थोडासा चुकतो. वाळत घातलेले कपडे, तारेवर बसलेले पक्षी, शेल्फमधली कमीजास्त उंचीची पुस्तकं, ही सगळी लयीची उदाहरणं.

५. आणि ज्या गोष्टी खरंच हलतात त्यांचं काय? गर्दीच्या रस्त्यावर तर सगळंच हलत असतं.

डोळ्याची कडेची बाजू बारकावे पकडण्यात कच्ची असते पण हालचाल पकडण्यात तरबेज. म्हणून कोपऱ्यात पडदा हलला की मान आपोआप वळते. गर्दीत मात्र उलटं होतं, सगळेच चालत असले की जो एक जण थांबलाय तोच दिसतो. म्हणजे हालचालीत स्वतःची अशी ताकद नसते, ताकद फरकात असते, आणि हेच रंगाच्या बाबतीतपण आहे (प्रश्न ६).

दिशेकडेपण लक्ष द्या. सगळे एकीकडे जातायत आणि एकच जण उलटा येतोय, तो लगेच उठून दिसतो. एकाच वेगाने एकाच दिशेला जाणाऱ्या गोष्टी मेंदू एक गट धरतो, उडणारा थवा शेकडो पक्ष्यांचा असला तरी एकच आकार वाटतो तो त्यामुळेच. वाऱ्यात झाड बघितलंत तर शेंडा जोरात हलतो, मधल्या फांद्या कमी, खोड जागेवर, म्हणजे एकाच झाडात तीन वेगवेगळे वेग.

आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून बघायची संधी सोडू नका. जवळचे खांब सपासप मागे जातात, लांबची घरं सावकाश सरकतात, डोंगर जवळजवळ हलतच नाही, चंद्र तर बरोबरच येतो. कारण साधं आहे, जितकी गोष्ट लांब तितका आपल्या सरकण्याने तिच्या दिशेत पडणारा फरक कमी. मेंदू याच फरकावरून कुठली गोष्ट किती लांब आहे याचा अंदाज घेतो. एकदा हे थर वेगळे दिसायला लागले की प्रवासात फोन काढावासा वाटत नाही.

६. लाल रंग नेहमी आधी दिसतो हे खरं का?

नेहमी नाही. हिरव्या झाडीत लाल बादली लगेच दिसते, पण लाल विटांच्या भिंतीजवळ तीच बादली हरवते आणि तिथे ठेवलेला पांढरा मग पुढे येतो. रंग ओरडतो तो शेजाऱ्यांपेक्षा वेगळा असतो म्हणून. लाल, केशरी, पिवळा यांना थोडा जादा फायदा मिळतो हे खरं, कारण आपल्या अवतीभवती सहसा राखाडी, मातकट, हिरवं आणि निळंच जास्त असतं.

दुसरी अट उजेडाची. संध्याकाळी अंधार पडायला लागला की लाल रंग आधी विझतो. एखादं लाल फूल आणि त्याची हिरवी पानं दिवसा बघून ठेवा, मग सूर्य मावळल्यावर दिवे न लावता परत बघा, फूल काळपट झालेलं असतं आणि पानं त्या मानाने उजळ वाटतात. मंद उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही, निळा-हिरवा जास्त जाणवतो. यान पुर्किने नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १९ व्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं म्हणून याला पुर्किने परिणाम म्हणतात. घरबसल्या, फुकटात आणि अर्ध्या तासात बघता येणारी यापेक्षा सुंदर गोष्ट मला तरी माहीत नाही.

७. रंग कळतो पण गडद-फिकट कळत नाही. पिवळा गडद का निळा, असं कुणी विचारलं की गोंधळ होतो.

डोळे बारीक करा, पापण्या जवळजवळ मिटेपर्यंत. बारकावे जातात, रंगपण थोडे मरतात आणि उजेड-अंधाराचे मोठे मोठे तुकडे उरतात. चित्रकार हेच करतात. अजून खात्री हवी तर फोनमध्ये फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा.

रंगाला तीन गोष्टी असतात: तो कुठला रंग आहे, किती गडद-फिकट आहे आणि किती तेज किंवा मळका आहे. १९०५ मध्ये आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने रंग मोजायची पद्धत याच तिघांवर बांधली. आपलं लक्ष पहिल्याकडेच जातं, पण दृश्याचा सांगाडा दुसऱ्यावर उभा असतो. खूप रंगीबेरंगी आणि तरी सपाट वाटणारी जागा दिसली की डोळे बारीक करून बघा, बऱ्याचदा सगळे रंग सारख्याच गडदपणाचे निघतात.

याचा एक अफलातून वापर फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या चित्रात आहे, ज्यावरून इम्प्रेशनिझम या चित्रशैलीला ते नावच पडलं. त्यातला केशरी सूर्य भोवतीच्या राखाडी-निळ्या आकाशाइतकाच उजळ आहे, म्हणजे रंगाने वेगळा पण उजेडाने जवळपास सारखा. चित्र काळं-पांढरं केलं की सूर्य जवळजवळ गायब. रंगीत बघताना तो थरथरल्यासारखा वाटतो त्याचं कारण हेच सांगतात, मेंदूचा जो भाग जागा आणि हालचाल ठरवतो तो उजेडाच्या फरकावर चालतो आणि इथे त्याला तो फरकच मिळत नाही.

८. दुकानात आवडलेला रंग घरी आणल्यावर वेगळाच का दिसतो?

दोन कारणं, शेजार आणि उजेड. उजेडाचं प्रश्न ९ मध्ये आहे, इथे शेजाराचं सांगते.

मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबेलां कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता, तिथे भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे व्हायचे. तक्रार आली की काळा रंग पुरेसा काळा येत नाही. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी तो काळा फिका वाटत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठं पुस्तक काढलं. सार असं की दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला स्वतःपासून लांब ढकलतो, गडदाशेजारी फिकं अजून फिकं, आणि लालाशेजारी राखाडी किंचित हिरवट.

करून बघायचं असेल तर एकाच राखाडी कागदाचे दोन छोटे तुकडे कापा, एक काळ्या कागदावर ठेवा, एक पांढऱ्यावर. दोन्ही सारखे आहेत यावर विश्वास बसणार नाही. मग तुकडे उचलून एकमेकांना लावा आणि परत जागेवर ठेवा. माहीत असूनही परत वेगळेच दिसतात, आणि त्यातच सगळं आलं. म्हणून रंग एकटा बघून ठरवू नका, ज्याच्या शेजारी तो राहणार आहे त्याच्या शेजारी ठेवून बघा.

९. सावली काळी असते ना? मग चित्रकार ती निळी-जांभळी का काढतात?

कारण ती बऱ्याचदा निळीच असते. उन्हात वस्तूच्या सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही पण आकाशाचा पोचतो आणि आकाश निळं आहे. पांढऱ्या भिंतीवर किंवा बर्फावर हे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

घरात बघायची पद्धत सांगते. संध्याकाळी बाहेर थोडा निळसर उजेड शिल्लक असताना खिडकीजवळ पांढरा कागद ठेवा, दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा लावा आणि मधे एक पेन्सिल उभी धरा. दोन सावल्या पडतात. दिव्याने पाडलेल्या सावलीत फक्त खिडकीचा उजेड येतो म्हणून ती निळी, खिडकीने पाडलेल्या सावलीत फक्त दिव्याचा म्हणून ती केशरी. एका साध्या पेन्सिलीला दोन रंगीत सावल्या, आणि कागद मात्र तुम्हाला पूर्ण वेळ पांढराच वाटत राहतो.

तो पांढरा वाटत राहतो हीच खरी गंमत आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, उघड्या आकाशाखालच्या सावलीतला त्याच्याही वर, इतका फरक असून मेंदू उजेडाचा रंग वजा करतो आणि आपल्याला वस्तूचा "खरा" रंग दाखवायला बघतो. २०१५ मध्ये इंटरनेटवर एका ड्रेसच्या फोटोवरून भांडणं झाली ती आठवतात का, कुणाला निळा-काळा दिसत होता, कुणाला पांढरा-सोनेरी? ड्रेस निळा-काळाच होता, पण फोटोतला उजेड कुठला ते कळत नव्हतं आणि ज्याच्या मेंदूने जो अंदाज धरला तसा त्याला रंग दिसला.

१०. "मोकळी जागा बघा" असं सगळे सांगतात. जिथे काही नाहीच तिथे बघायचं काय?

तिचा आकार बघायचा. खुर्ची बघू नका, खुर्चीच्या पायांमधल्या फटींचे आकार बघा. दोन इमारतींच्या मधे अडकलेल्या आकाशाच्या तुकड्याला कडा असते, तिरकी उतरती पायऱ्यापायऱ्यांची. कपाच्या कानातली ती छोटी पोकळी. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांचं १९१५ चं चित्र बहुतेकांनी पाहिलंय, बघाल तर फुलदाणी आणि बघाल तर समोरासमोर दोन चेहरे, पण दोन्ही एकाच क्षणी नाही. मेंदू एकाला वस्तू ठरवतो आणि दुसऱ्याला मागची जागा. सवयीने ही निवड मुद्दाम उलटवता येते, आणि चित्र काढायला शिकणाऱ्यांच्या चित्रांतली मापं झटकन सुधारतात ती यामुळे.

व्यवहारात, एखादी वस्तू महत्त्वाची दिसायला हवी असेल तर तिला मोठी करण्याआधी तिच्या भोवतीचं उचला.

११. तोल कसा ओळखायचा? दोन्ही बाजू सारख्या असल्या म्हणजे झालं का?

तो एक प्रकार, बघायला सोपा आणि थोडा औपचारिक. दुसरा प्रकार सी-सॉसारखा, जड माणूस मधाजवळ बसला आणि हलका लांब टोकाला बसला तरी फळी सरळ राहते. टेबलावर डावीकडे मधाजवळ मोठा फिका दिवा आणि उजव्या टोकाला लहानशी गडद वही, तोल जमला. नजरेतलं वजन नुसत्या आकाराने ठरत नाही, गडद रंग, तेज रंग, चेहरा, बारीक नक्षी, एकटेपण, या सगळ्याने वाढतं. तपासायचं असेल तर एक वस्तू बोटाने झाका. झाकल्यावर बाकीचं दृश्य कलल्यासारखं वाटलं तर तोल तिच्यामुळे होता. आरशातून उलटं बघणं हापण जुना उपाय आहे, लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना तोच सल्ला दिला होता.

१२. रूल ऑफ थर्ड्स आणि गोल्डन रेशो पाळायलाच हवेत का?

नाही. रूल ऑफ थर्ड्स हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरलं, एक तृतीयांश जमीन, दोन तृतीयांश आकाश अशा धर्तीवर. सगळं मधोमध ठेवायच्या सवयीतून बाहेर यायला हा नियम चांगला आहे, त्यापुढे त्याला फार मानू नका. पाण्यात स्वच्छ प्रतिबिंब पडलंय तर क्षितिज बरोबर मधे घेतलेलंच छान दिसतं.

गोल्डन रेशोचं म्हणाल तर (मोठा भाग लहान भागाच्या साधारण १.६१८ पट असणं), १.६१८ हा आकडा गणितात खरा आहे आणि सूर्यफुलाच्या बियांच्या चक्रांतपण खरा आहे, तिथे ३४ आणि ५५ सारख्या जोड्या मोजता येतात कारण प्रत्येक नवीन बी साधारण १३७.५ अंश फिरून येते. पण प्रत्येक सुंदर इमारतीत आणि चेहऱ्यात तो असतो या गोष्टीला आधार नाही. चित्रावर कुठलीही वेटोळी रेघ टाकली की ती कुठे ना कुठे जुळतेच.

१३. माझ्या आजूबाजूला नुसता पसारा आहे. त्यात कसलं आलंय कॉम्पोझिशन?

पसाऱ्यातच मजा आहे, कारण मेंदू तिथे सगळ्यात जास्त काम करत असतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मेंदू गट कसे पाडतो ते लिहिलं: जवळ जवळच्या गोष्टी एक गट, सारख्या दिसणाऱ्या एक गट, एकाच ओळीत पुढे जाणाऱ्या एक गट. भरलेल्या टेबलाकडे बघा, वीस वस्तू वीस दिसत नाहीत. पांढऱ्या वस्तू एकमेकींना हाका मारतात, वायर सगळ्यांच्या मधून फिरत एक रेघ काढते, औषधाच्या बाटल्या लांब लांब असूनही एक कुटुंब वाटतात. मी पसाऱ्यात आधी एकच रंग निवडते आणि तो कुठून कुठे जातो ते बघते. निळा घेतला तर बाटलीचं झाकण, वहीची कड, पेन, पलीकडे खुर्चीवरचा टॉवेल, अशी एक वाटच निघते.

आकाशातल्या ताऱ्यांची नक्षत्रं याच सवयीतून झाली, त्यातले बरेच तारे एकमेकांपासून भयंकर लांब आहेत, नुसते आपल्याला शेजारी दिसतात.

१४. मग एखादी गोष्ट दिसूच नये म्हणून पण हीच तत्त्वं वापरतात का?

हो, आणि तिथे ती सगळ्यात छान समजतात. बऱ्याच प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. उजेड वरून येतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोटावर सावली पडते, अंगाचा रंग याच्या उलटा असल्याने दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि गोल शरीर सपाट वाटायला लागतं. हे १८९६ मध्ये मांडलं अॅबट थेयरने आणि तो चित्रकार होता, गडद-फिकट रंगवून सपाट कागदावर गोलाई आणणं हेच ज्याचं रोजचं काम, त्याला उलटं कोडं सुटलं.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने याहून वेगळा विचार केला. समुद्रावर जहाज लपवता येत नाही, मग त्यावर मोठे तिरके काळे-पांढरे पट्टे रंगवायचे, म्हणजे पाणबुडीतून बघणाऱ्याला जहाज दिसतं पण ते नक्की कुठे तोंड करून किती वेगाने चाललंय याचा अंदाज चुकतो. प्रश्न ३ मधल्या तिरक्या रेघा, पण नजरेला मुद्दाम चुकीच्या वाटेला लावणाऱ्या.

१५. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. माझ्यासाठी यातलं निम्मं बाद का?

अजिबात नाही. असे लोक पुष्कळ आहेत, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर साधारण ८ टक्के. मांडणीचा सांगाडा गडद-फिकटावर उभा असतो (प्रश्न ७) आणि तो तुम्हाला दिसतोच. रेघा, लय, मोकळी जागा, तोल, हालचाल यातल्या कशालाच लाल-हिरवं लागत नाही. निळा-पिवळा फरक बहुतेकांना व्यवस्थित कळतो, त्यावर जास्त वेळ द्या. प्रश्न ६ मधला फुलाचा प्रयोग तुम्हाला वेगळा दिसेल, प्रश्न ८ मधला राखाडी कागदाचा मात्र सगळ्यांसारखाच.

१६. डोळ्यांना जे भारी दिसतं ते फोटोत मेलेलं का येतं?

बघताना नजर फिरत असते, मेंदू निवडत असतो, कॅमेरा सगळं सारखंच घेतो, म्हणून तुम्हाला न दिसलेली वायर फोटोत पहिली दिसते. दुसरं म्हणजे डोळ्याला कडा नाही, फोटोला आहे, आणि त्या चार कडापण मांडणीतल्या रेघाच आहेत. फोटो घ्यायच्या आधी एकदा कडेकडेने नजर फिरवा, काय अर्धवट कापलं जातंय ते बघा. उजेडाच्या रंगाबद्दल प्रश्न ९ वाचा, कॅमेरा ती वजाबाकी अंदाजाने करतो आणि चुकतो.

हालचालीचा मुद्दा वेगळा आहे. धावत्या घोड्याची जुनी चित्रं बघा, फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये रंगवलेल्या शर्यतीतले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत आहेत. १८७८ मध्ये म्युब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याच्या फोटोंची मालिका घेतली तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तरी चित्रातला चुकीचा घोडाच जास्त धावताना वाटतो, कारण फोटो एका क्षणाचा असतो आणि धावणं अनेक क्षणांचं. म्हणून चालणाऱ्या माणसाचा फोटो पाऊल पूर्ण पडलेलं असताना घेऊ नका, ताणलेलं असताना घ्या, आणि तो जिकडे चाललाय तिकडे थोडी जागा ठेवा.

१७. मी आणि मैत्रीण एकच दृश्य बघतो आणि दोघींची नजर वेगवेगळ्या ठिकाणी जाते. मग ही तत्त्वं खरी कशी?

पहिली उडी बऱ्याचदा एकाच ठिकाणी पडते, पुढचा रस्ता वेगळा होतो. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बसने १९६० च्या दशकात लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. एकच चित्र, पण माणसांची वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्यांवर, घरची परिस्थिती सांगा म्हटलं की कपड्यांवर आणि सामानावर. म्हणजे तुम्ही काय शोधताय त्यावर पुष्कळ ठरतं. चावी शोधताना तीच खोली वेगळी दिसते हे सगळ्यांना माहीत आहे.

लिपीचापण थोडा हात असतो, डावीकडून उजवीकडे वाचणारे दृश्यातही तशीच सुरुवात करायला बघतात, उजवीकडून वाचणाऱ्यांमध्ये हा कल कमी किंवा उलटा दिसतो. मैत्रिणीबरोबर बघताना दोघींनी आधी न बोलता पाहिलेला क्रम मनात ठेवायचा आणि मग सांगायचा. मला हा खेळ एकटीने बघण्यापेक्षा जास्त आवडतो.

१८. रोज तोच रस्ता, तीच खोली. आता काही नवीन दिसेनासं झालंय, काय करू?

वेळ बदला किंवा उंची बदला. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सावल्या उलट्या दिशेला पडतात, म्हणजे त्याच भिंतीवर सगळ्या रेघा फिरलेल्या असतात. जमिनीवर बसून खोली बघा, टेबलाची खालची बाजू आणि पडद्याची कड अचानक मोठी होते. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर रात्री दिव्यांची प्रतिबिंबं आपल्याकडे लांबत येतात, उभ्या रेघांचं एक वेगळंच गाव तयार होतं. आणि धुकं पडलं तर घराबाहेर पडाच, लांबचं फिकं होत जाणं दिसायला एरवी डोंगराइतकं अंतर लागतं, धुक्यात ते शंभर पावलांतसुद्धा दिसतं.

१९. काही जागा सगळे नियम मोडतात आणि तरी बघत राहावंसं वाटतं. ते कसं समजून घ्यायचं?

बहुतेक वेळा एक तत्त्व मोडलेलं असतं आणि दुसरं इतकं जोरात चाललेलं असतं की पहिल्याची आठवण येत नाही. पोपडे उडालेली भिंत घ्या, तोल नाही, केंद्र नाही, पण खालच्या थरांचे तीन-चार रंग एकमेकांच्या इतके जवळचे असतात की नजर त्यातच रमते. तर "काय चुकलंय" पेक्षा "मला कशाने धरून ठेवलंय" हे विचारा, प्रश्न २ मधलाच प्रश्न, फक्त उशिराने विचारलेला.

कधीकधी उत्तर मांडणीत नसतंच. आजोबांची खुर्ची कोपऱ्यात वाकडीतिकडी पडलेली असते आणि नजर तिथेच जाते, तिचा रंग किंवा जागा याला जबाबदार नाही. अशा वेळी तत्त्व शोधत बसू नका. ओळखायचं असेल तर त्या जागेचा फोटो ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला दाखवा आणि त्याची नजर आधी कुठे गेली ते विचारा, मांडणीचा भाग तो सांगेल, उरलेला तुमचा.